कडीपाटाचं लाकूड, तिकोनी कानस आणि करवतीचे दात

जुन्या सागवानाचं एक बाकडं मी हातकरवतीने केलं. बाकड्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही. पाच फूट लांब आहे, गॅलरीत मावतं, दोन माणसं बसली तरी डगमगत नाही. सांगायचंय ते करवतीबद्दल. जानेवारी 2023 ते सप्टेंबर एवढा काळ या खटाटोपात गेला आणि त्यातला मोठा हिस्सा, करवत लाकूड कापते म्हणजे नेमकं काय करते, हे समजून घेण्यात गेला. दुकानात विचारलं तर ब्रँड आणि किंमत सांगतात. मिस्त्रींना विचारलं तर "चालवा, हाताला कळेल" म्हणतात. दोघांचंही बरोबर असेल, पण नवख्या माणसाच्या हाती त्यातून धागा लागत नाही. तो लागावा म्हणून हे सगळं तारीखवार लिहून ठेवते आहे.

हातकरवतच का, याचं उत्तर आमच्या सोसायटीच्या नियमावलीत आहे. फ्लॅटमध्ये कटर मशीन आणि ग्राइंडर लावायला बंदी. हाताने सुतारकाम करायचं असेल तरी अर्ज, हमीपत्र आणि 5,000 रुपये अनामत. वेळ सकाळी 10 ते 1 आणि दुपारी 4 ते 6, रविवारी काम बंद. मी नोकरी करते, म्हणजे उरले शनिवार आणि सुट्ट्या. अर्जात 'कंत्राटदाराचे नाव' असा रकाना होता, तिथे मी माझंच नाव लिहिलं. मॅनेजरने अर्ज परत पाठवला: सदनिकाधारक आणि कंत्राटदार एकच कसे? मग साध्या कागदावर वेगळं पत्र दिलं, की काम मी स्वतः करणार आहे, बाहेरचा माणूस येणार नाही, सबब कामगारांच्या प्रवेशपासची गरज नाही. ते कमिटीच्या मासिक बैठकीसमोर गेलं आणि 29 जानेवारीला मंजुरी आली. तुमच्याकडे असं काही करायचं असेल तर हे पत्र पहिल्याच अर्जाला जोडा, महिना वाचेल.

फेब्रुवारीत पुण्यातल्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेले. पाडलेल्या वाड्यांचं लाकूड तिथे मिळतं. मी कडीपाटाच्या छतातली एक कडी घेतली, चार बाय चार इंची, आठ फूट लांब, आणि त्याच छताच्या तीन फळ्या. कडीचा भाव 3,000 रुपये घनफूट पडला, फळ्या नगावर मिळाल्या. 18 टक्के जीएसटी धरून बिल 6,690 रुपये, टेम्पो आणि हमाली वेगळी. बिल पक्कंच घ्या. सागवान आहे, वाटेत कोणी विचारलं तर हातात कागद हवा. आमच्या गेटवरही तो दाखवल्याशिवाय टेम्पो आत सोडला नाही.

माझा बेत असा होता की कडी तिथल्याच आरा मशीनवर उभी, म्हणजे लांबीच्या दिशेने, चिरून घ्यायची आणि घरी फक्त बारीक काम करायचं. मशीनवाल्याने कडीला हात लावून बघितला आणि मान हलवली. "ताई, खिळ्याचं लाकूड आम्ही घेत नाही. पातं गेलं तर तुमच्या बाकड्याच्या दुप्पट पैसे." त्याचं काही चुकलं नाही. घरी आल्यावर जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक कडीवरून फिरवलं तर ते बऱ्याच जागी चिकटलं. आत घडीव खिळे होते, काही पृष्ठभागाखाली तुटलेले. पटाशीने भोवतालचं लाकूड कोरून एकेक काढला. हातकरवतीच्या दातांनाही खिळा तेवढाच वाईट, तेव्हा जुनं लाकूड आणणाऱ्यांनी ही पायरी गाळू नये.

तर आता चार इंच खोल आणि पाच फूट लांब असा उभा काप हाताने मारायचा होता. एक नाही, दोन.

बोहरी आळी या हत्यारांच्या बाजारातून एक नवी करवत आणली होती. 22 इंची, प्लॅस्टिकची मूठ, दातांची टोकं निळसर काळी, 650 रुपये. दुकानदार म्हणाला सगळ्याला चालते. पायांसाठी कडीचा 17 इंचाचा तुकडा आडवा कापला तेव्हा ती झकास चालली. कडा इतक्या स्वच्छ आल्या की रंधा मारायचीही गरज नव्हती. त्याच उत्साहात उभ्या कापाला लागले. सकाळची वेळ संपली तेव्हा काप जेमतेम दीड फूट गेला होता, खांदा भरून आला होता आणि पातं हाताला चटका बसेल इतकं तापलं होतं. लाकूड तेच, करवत तीच, हातही तोच. फक्त रेषेची दिशा बदलली होती.

त्या दुपारी भिंग घेऊन करवतीचे दात आणि खाली पडलेला भुसा दोन्ही बघत बसले, आणि इथून पुढे मला या कामात खरी गोडी लागली. या करवतीचा प्रत्येक दात दोन्ही बाजूंनी तिरका घासलेला, टोकाला सुरीसारखा. एक दात डावीकडे किंचित वाकलेला, पुढचा उजवीकडे. म्हणजे दोन सुऱ्या शेजारी शेजारी धावतात आणि चिरेच्या दोन्ही भिंतींवर लाकडाचे तंतू तोडत जातात. मधला भाग आपोआप भुगा होऊन पडतो. आडव्या कापाला नेमकं हेच लागतं. उभ्या कापात तंतू करवतीच्या दिशेनेच पसरलेले असतात. केरसुणीची जुडी आडवी कापायला सुरी हवी, पण हिराच्या लांबीच्या दिशेने सुरी फिरवत राहिलात तर ती नुसती हिरांच्या मधून सरकत राहील. तिथे तंतूच्या टोकाशी भिडून त्याचा तुकडा उचलणारं हत्यार लागतं, म्हणजे पटाशी. उभ्या कापाच्या करवतीचे दात अशा पटाश्यांची रांग असतात: पुढची बाजू जवळजवळ उभी, धार पात्याला काटकोनात सरळ.

भुशातही ते दिसत होतं. खाली पडलेला भुसा पिठासारखा होता. तो दातांमधल्या खाचांत गच्च बसला होता, बोटाने उकरून काढावा लागला. चार इंच खोल कापात एकेका दाताने सोडवलेला भुसा लाकडातून बाहेर पडेपर्यंत त्या दातापुढच्या खाचेतच राहणार. खाच भरली की दात लाकडाला टेकतच नाही, भुशावरून घासत जातो. पातं तापतं ते यामुळे. म्हणून उभ्या कापाच्या करवतीला दात मोठे आणि कमी असतात. इंचाला आठ टोकं असतील तर मध्ये सात दात बसतात, सहा टोकं असतील तर पाच. दातांमधलं अंतर सातास पाच या प्रमाणात वाढलं की खाचेचं क्षेत्रफळ त्या प्रमाणाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे जवळजवळ दुप्पट. कागदावर हे मांडलं तेव्हा खांदेदुखीचा हिशोब लागला.

या नव्या करवतीचे दात बदलून घेता येतील का? नाही. ती निळसर काळी टोकं म्हणजे विजेच्या झटक्याने फक्त दात तापवून कडक केल्याची खूण. कानस त्यांवरून घसरते, उलट कानसच खराब होते. धार खूप टिकते, पण गेली की करवत भंगारात. माझ्या मते घरगुती आडव्या कामाला 650 रुपयांत याहून चांगलं काही मिळणार नाही, फक्त तिच्याकडून उभ्या कापाची अपेक्षा ठेवू नये.

मार्चमधल्या एका रविवारी जुन्या बाजारात गेले. हत्यारांचे ढीग असतात तिथे करवतीही असतात, बहुतेक गंजलेल्या, कडेने तुटलेल्या. मी मुठीकडे न बघता आधी पातं डोळ्यासमोर धरून दातांच्या बाजूने एका डोळ्याने बघत होते. पात्याला लांबलचक बाक असेल तर तो सरळ करता येतो. एका जागी मुरड पडली असेल तर ते नवख्याचं काम नाही. मग पातं हलकेच कमानीसारखं वाकवून सोडायचं. चांगलं पोलाद परत सरळ होतं. असं करता करता एक 26 इंची हाती लागली. लाकडी मूठ, पितळी स्क्रू, पात्यावर पुसट अक्षरांत 'शेफिल्ड', म्हणजे इंग्लंडमधलं पोलादी हत्यारांचं शहर, एवढंच वाचता येत होतं. इंचाला सहा टोकं, पण दात आडव्या कापाचे घासलेले आणि पार बोथट. दोन दात टोकाशी तुटलेले. 500 सांगितले, 350 ला दिली.

घरी रॉकेलऐवजी टर्पेंटाइन वापरलं, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर, आणि पात्याच्या लांबीच्या दिशेनेच घासणं. गंज निघाल्यावर व्हर्नियरने जाडी मोजली आणि एक गंमत दिसली. दातांच्या कडेला पातं 0.95 मिलिमीटर, वरच्या पाठीला टोकाजवळ 0.75. जुन्या चांगल्या करवतींची पाती अशी वरच्या बाजूला पातळ घासलेली असतात. चिरेत शिरल्यावर पाठीचा भाग भिंतींना घासत नाही, त्यामुळे दात फार फाकवावे लागत नाहीत. आजच्या स्वस्त करवती एका जाडीच्या पत्र्यातून कापलेल्या असतात, त्यांना दात जास्त फाकवून चीर रुंद करावी लागते. रुंद चीर म्हणजे जास्त भुसा आणि जास्त श्रम.

आता या करवतीचे आडव्या कापाचे दात उभ्या कापाचे करायचे होते. पोलाद तेच राहणार, बदलणार फक्त कानशीने घासायचे कोन. हे मला अजूनही विशेष वाटतं. तिकोनी कानशीचा प्रत्येक कोपरा 60 अंशांचा असतो, त्यामुळे एका खाचेत कानस फिरली की एका दाताची पाठ आणि दुसऱ्याचं तोंड एकदमच घासलं जातं, आणि दोन्हींमधला कोन कायम 60 राहतो. कानस थोडी फिरवली तर दात पुढे झुकतो किंवा मागे कलतो. आडव्या कापाला दाताचं तोंड उभ्या रेषेपासून 12 ते 15 अंश मागे कललेलं ठेवतात आणि कानस पात्याला तिरकी धरतात, म्हणजे सुरीची धार येते. उभ्या कापाला कल अगदी कमी, शून्य ते आठ अंश, आणि कानस पात्याला काटकोनात.

बोहरी आळीत नुसती 'तिकोनी कानस' मागितलीत तर बहुधा जाड, दुहेरी रेघांची देतील. करवतीची, एकेरी रेघांची, सहा इंची 'स्लिम टेपर' मागा. मला रत्नागिरीत कारखाना असलेल्या जे. के.ची मिळाली, 120 रुपयांना. मुठीशिवाय येते, मूठ बसवून घ्या, नाहीतर शेपटी तळव्यात घुसते.

एप्रिलमध्ये शेजारच्या विंगमध्ये एका फ्लॅटचं काम चालू होतं. तिथल्या मिस्त्रींना चहाच्या वेळी गाठलं. साठीचे असावेत. त्यांची स्वतःची करवत 24 इंची होती, दात त्यांनी स्वतः घासलेले. माझी शेफिल्ड त्यांनी हातात घेतली, अंगठ्याने दातांवरून उलटी फिरवली आणि म्हणाले, "लोखंड चांगलंय. पण ताई, हिला आधी सपाट करा. उंच-खुजे दात असतील तर उंच तेवढेच काम करतात, बाकीचे फुकट फिरतात."

तिथून पुढचं त्यांनी सांगितलं आणि मी केलं. करवत उलटी करून दोन सागवानी पट्ट्यांमध्ये घट्ट आवळली, दात पट्ट्यांच्या वर जेमतेम पाव इंच. त्याहून वर ठेवलं तर पातं थरथरतं आणि कानस किंचाळते. मग सपाट कानस ठोकळ्याला टेकवून दातांच्या टोकांवरून लांबीच्या दिशेने हलकेच फिरवायची, सगळ्या टोकांवर चमकता ठिपका येईपर्यंत. काही दातांवर ठिपका तिळाएवढा आला, काहींवर दिसेना. ज्यांवर मोठा, ते उंच. आता तिकोनी कानशीने प्रत्येक खाच घासायची, दोन्हीकडचे ठिपके सारखे कमी करत, आणि ठिपका नाहीसा झाला त्या क्षणी थांबायचं. पुढे एक घासही मारला तरी तो दात बुटका झाला. टेबल लॅम्प खाली, दातांच्या पातळीत ठेवला तर ठिपका स्पष्ट दिसतो. वरून प्रकाश आला तर काहीच कळत नाही.

कोन सांभाळायला कानशीच्या टोकाला भोक पाडलेला एक लाकडी ठोकळा बसवला, त्यावर पेन्सिलीने रेघ. ती रेघ दातांच्या ओळीला समांतर राहिली की दाताचा कल बरोबर. मी पाच अंश ठेवला, फक्त पुढच्या टोकाचे दोन इंच थोडे जास्त कललेले, म्हणजे काप सुरू करताना करवत अडखळत नाही. कानस एकाच दिशेने, पुढे जाताना दाब, मागे येताना उचलून. एक खाच सोडून एक अशा एका बाजूने, मग करवत फिरवून उरलेल्या दुसऱ्या बाजूने. हात जरासा तिरका पडत असेल तर तो दोन्हीकडे सारखा वाटला जातो.

दातांचं रूप बदलायला बरंच पोलाद काढावं लागतं, तेव्हा हे काम मे महिन्यापर्यंत लांबलं. इथेच सोसायटीचं दुसरं पत्र आलं. खालच्या मजल्यावरून तक्रार होती, 'धातू घासल्याचा असह्य आवाज'. मी परवानगीच्या वेळेतच काम करत होते, पण तक्रार खरी होती. करवतीचा आवाज खाली जात नव्हता, कानशीचा जात होता, कारण पट्ट्या मी थेट टेबलाला आवळल्या होत्या. टेबलाच्या पायांखाली जुन्या चपलांचे रबरी तळवे आणि पट्ट्यांच्या आतल्या बाजूला सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले. खालच्या काकूंना बोलावून आवाज ऐकवला. "आता ठीक आहे, पण दुपारी चारच्या आधी नको गं," म्हणाल्या. लेखी उत्तर द्यावं लागलंच, कारण पत्राला जावक क्रमांक होता.

दात घासून झाले की फाकवायचे. नुसते धारदार दात सरळ उभे राहिले तर चीर पात्याच्या जाडीएवढीच पडते आणि पातं तिच्यात आवळलं जातं. म्हणून एक दात डावीकडे, एक उजवीकडे. पूर्ण दात वाकवायचा नाही, वरचा अर्धाच. मुळातून वाकवला तर तुटतो. मिस्त्रींकडे खाच पाडलेली एक पोलादी पट्टी होती, दात खाचेत धरून मनगटाच्या अंदाजाने ते वाकवत होते. माझं मनगट तेवढं शिकलेलं नाही, म्हणून पकडीसारखा 'सॉ सेट' ऑनलाइन 900 रुपयांना मागवला. ओलं लाकूड असेल तर दात जास्त फाकवतात, कारण ओला भुसा फुगतो आणि तंतू चिरेत परत उभे राहतात. माझं सागवान कित्येक दशकं छतात वाळलेलं. तरी पहिल्या वेळेला चीर दीड मिलिमीटरची निघाली आणि पातं आत हिंदकळत होतं. धार लावायच्या दगडाचा एक हलका हात दोन्ही बाजूंनी दातांच्या कुशीवर फिरवला, चीर सव्वा मिलिमीटरवर आली. पात्याच्या जाडीच्या सव्वा ते दीडपट चीर, हा अंदाज कोरड्या लाकडाला बरोबर बसतो.

10 जूनला, शनिवारी, पुन्हा त्याच कापाला लागले. भुसा बदलला होता. पीठ नाही, बारीक, आखूड, जाडसर तुकडे पडत होते, काही चक्क वळलेले. करवत लाकडाशी साधारण 60 अंशांत धरायची, आडव्या कापात 45. तर्जनी मुठीवर पुढे सरळ. मिस्त्री त्या दिवशी बघायला आले होते, म्हणाले, "दाबताय कशाला? वजन आहे तिच्या पात्यात. खांदा मोकळा सोडा." उरलेला साडेतीन फूट त्या सकाळीच संपला. मध्ये एकदा चीर मिटायला लागली, कारण जुन्या लाकडात ताण दबून असतो आणि काप उघडला की दोन्ही फळ्या एकमेकींकडे कलतात. चिरेत एक छोटी पाचर ठोकली की काम सुरळीत. पाच फुटांत काप डावीकडे थोडा पळाला. अशा वेळी रेघेवर आणण्यासाठी करवत पिळू नका. डावीकडे पळते म्हणजे डाव्या बाजूचे दात जास्त फाकलेले असतात. त्याच बाजूने दगडाचा एक हात मारला आणि दुसरा काप रेघेवर सरळ गेला.

सागवानाबद्दल एक सांगायला हवं. त्यात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच प्रकार, आणि ती धार खाते. शिवाय तेलकट असल्याने पात्यावर चिकट थर बसतो. दर थोड्या वेळाने पात्यावर मेणबत्ती ओढली तर फरक लगेच हाताला लागतो. खोबरेल तेल लावलं तर भुसा चिकटतो. ते काम संपल्यावर, पावसाळ्यात गंज लागू नये म्हणून ठीक.

आता पायांच्या टोकांना खाचेत बसणारी कुसं काढायची होती. इथे जाड पातं नको. मी जपानी दुधारी करवत मागवायचं ठरवलं, 240 मिलिमीटरची: एका कडेला उभ्या कापाचे दात, दुसऱ्या कडेला आडव्या कापाचे. ही करवत ओढताना कापते. ढकलायच्या करवतीचं पातं जाड लागतं, नाहीतर लाकडात अडकल्यावर ते वाकतं. ओढताना पातं ताणलं जातं, म्हणून ते कागदासारखं पातळ करता येतं आणि चीरही अरुंद पडते. आपल्याकडे याच अडचणीवर दुसरा उपाय करतात. पातळ पात्याच्या पाठीवर पितळेची किंवा लोखंडाची जाड पट्टी बसवतात. पण ती पट्टी चिरेत शिरत नाही, त्यामुळे खोल कापता येत नाही.

इथल्या ऑनलाइन दुकानांत तेव्हा स्टॉक नव्हता, म्हणून जुलैत थेट जपानमधून मागवली. करवत 1,760 रुपये, पाठवणावळ 1,900. पार्सल मुंबईत अडकलं. कुरिअरने केवायसी मागितली, आधार अपलोड केलं, ते नाकारलं गेलं: ऑर्डरवर माझं नाव आणि आडनाव, आधारवर मधलं नावही. पुन्हा स्वाक्षरीचं हमीपत्र, पुन्हा वाट पाहणं. परदेशातून काही मागवाल तर आधारवर आहे तसंच पूर्ण नाव टाका. मग शुल्काचं बिल आलं. वैयक्तिक वापरासाठी आयात, 2023 चे दर: मूळ सीमाशुल्क 35 टक्के, त्यावर अधिभार, आणि या सगळ्यावर 28 टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. एकूण 77.28 टक्के, तेही पाठवणावळ धरून. 2,828 रुपये शुल्क, कुरिअरचे 590. मूळ करवतीच्या किमतीच्या चौपट पैसे गेले. दर अर्थसंकल्पात बदलतात, ऑर्डर देण्याआधी त्या वर्षीचे बघून घ्या. मी ते ऑर्डर दिल्यावर बघितले.

करवत मात्र अप्रतिम. जमिनीवर पाटावर बसून, लाकूड पायाने दाबून ओढायला इतकी सोयीची की मिस्त्री ती हातातून सोडेनात. कुसाच्या खांद्यावर, म्हणजे कूस जिथे सुरू होतं त्या आडव्या कापावर, पेन्सिलीची अर्धी रेघ ठेवून अर्धी कापली जाते. पण तिचा स्वभाव वेगळा. तिकडे ती देवदारासारख्या मऊ लाकडासाठी घडवलेली असते, दात लांब आणि बारीक. माझ्या सागवानात एका गाठीपाशी मी जोरात ओढली आणि उभ्या कापाच्या बाजूचा एक दात टिचला. तेव्हापासून तिच्याने फक्त खांदे आणि बारीक आडवे काप. कुसांचे उभे गाल, म्हणजे बाजू, शेफिल्डनेच काढले, सावकाश.

बाकडं 16 सप्टेंबरला जोडून झालं, तेल लावून वाळायला आणखी एक आठवडा. लाकूड सोडून हत्यारांचा खर्च मांडला तर सगळ्यात महाग जपानी, आणि काम सगळ्यात जास्त केलं ते 350 रुपयांच्या करवतीने आणि 120 च्या कानशीने. नवीन सुरुवात करणाऱ्याने आयातीच्या वाटेला जायची घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. आधी एक कडक दातांची स्वस्त करवत आडव्या कामाला घ्यावी, आणि जुन्या बाजारात सरळ पात्याची एक जुनी शोधून तिचे दात स्वतः घासावेत.

मी अशी दुसरी आणून ठेवली आहे, इंचाला दहा टोकांची. तिचे दात आडव्या कापाचेच ठेवायचे आहेत, कानस साधारण वीस अंश तिरकी धरून. ती दिवाळीनंतर काढेन. पहिली कानस तिला वापरणार नाही. शेफिल्डच्या दातांवर तिचे कोपरे गोल झाले आहेत, घासताना खरखर थांबून नुसती सरकते. अशी झालेली कानस टाकून द्यावी, आणि दहा टोकांना तशीही लहान, बारीक लागते. बोहरी आळीत ती सहज मिळत नाही, सांगून ठेवावी लागते.